रंगीत जिग आणि त्याखालचं शिसं

घरात बसून चार पैसे मिळवून देणाऱ्या कामांबद्दल आपण या वेळेला बोलत असतो. पापड-लोणची झाली, गोधड्या झाल्या, सोलकढीचा आगळ झाला. आजचं काम खास आपल्या किनाऱ्यावरचं आहे. माशाच्या गळाला लावायची जिग हेड रंगवून तयार करायचं काम.

ज्या मैत्रिणी घाटावरून लग्न होऊन इकडे आल्या, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. जिग हेड म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेली शिशाची छोटी गोळी. गळ आणि वजन एकजीव. या गळावर रबरी मासा किंवा रबरी कोळंबी चढवायची आणि रॉडने पाण्यात फेकायची. शिशाच्या वजनाने ती खाली जाते, आणि दोरा हलकेच झटकला की जिवंत माशासारखी उड्या मारते. त्यावर जिताडा येतो, तांबोशी येते, गोबरा येतो. पूर्वी गरवायला जाणारी माणसं जिवंत कोळंबी लावायची, आजही लावतात. पण आता मुंबई-पुण्याकडून, गोव्याकडून हौसेने गरवायला येणारे लोक वाढलेत आणि त्यांना जिग लागते. ती खडकात अडकते, दोरा तुटतो, की लागली नवी. म्हणून या वस्तूला गिऱ्हाईक आहे.

बहुतेक घरांत शिसं वितळवून साच्यात ओतायचं काम पुरुष करतात, आणि पुढचं सगळं बायकांकडे येतं. कड साफ करणं, रंग देणं, डोळे काढणं, वाळवणं, पाकिटात भरणं. नाजूक काम आहे, हात बसला की झपाझप होतं. आज मी ते नीट कसं करायचं ते सांगणार आहे. पण त्याच्या जोडीने दुसरी गोष्टही सांगणार आहे, कारण तिच्याशिवाय पहिली सांगणं बरोबर नाही. रंगाखाली जे आहे ते शिसं आहे. शिसं अंगाला विष आहे, आणि आपल्यापेक्षा आपल्या लेकरांना जास्त.

आता काम. साच्यातून निघालेल्या जिगला एक शेपटी असते, जिथून शिसं ओतलं तिथली. ती कटरने तोडायची. साच्याच्या दोन पाख्यांच्या मध्ये शिरलेलं शिसं पातळ पापुद्र्यासारखं कडेला राहतं. ते धारदार सुरीने खरवडून काढायचं, किंवा कानस वापरायची तर पाण्याने ओली करून. कोरड्या पॉलिश पेपरने कधी घासू नका. कोरडं घासलं की शिशाची बारीक पूड उडते, डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती श्वासातून आत जाते, भांड्यांवर बसते, अंथरुणावर बसते. खाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे घ्या. तुकडे आणि कीस त्यातच पडू द्या आणि झाकणाच्या डब्यात साठवा. ते शिसं पुन्हा वितळवता येतं, म्हणजे त्याचे पैसेच आहेत.

मग धुणं. शिसं नुकतं ओतलं की चकचकीत असतं, चार दिवसांत काळपट राखाडी होतं. त्याच्यावर हवेमुळे थर येतो. शिवाय आपल्या बोटांचं तेल लागलेलं असतं. या दोन्हींवर रंग धरत नाही, सालीसारखा निघून येतो. म्हणून ओतल्यावर फार दिवस ठेवू नका. साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्यातून काढा, पूर्ण वाळवा, आणि रंग देईपर्यंत हातमोज्याशिवाय हात लावू नका.

काळपटपणा घालवायला कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी लिंबू, कुणी चिंच. पितळेची समई चिंचेने घासतो तशी ही घासू, असं आपल्याला सहज वाटेल. इथे मात्र ते करू नका. आंबटाने शिसं विरघळतं. व्हिनेगर आणि शिसं मिळून जो क्षार तयार होतो त्याला युरोपात जुन्या काळी शिशाची साखरच म्हणत, कारण तो चवीला गोड असतो. आणि तो पक्का विषारी आहे. गोड लागणारं विष घरात, लहान मुलांच्या हाताशी, आपण आपल्या हाताने तयार करायचं का? साबण आणि पाणी पुरे आहे. ते धुतलेलं पाणी विहिरीजवळ, परसातल्या अळूत किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका. बादलीत राहू द्या, गाळ खाली बसला की वरचं पाणी जिथे काही पिकत नाही आणि मुलं खेळत नाहीत अशा जागी ओता, गाळ फडक्याने टिपून त्या कीसाच्या डब्यातच टाका.

आता रंग. पहिला हात नेहमी पांढऱ्याचा. हे विसरलात तर पुढची सगळी मेहनत फुकट. पोपटी-पिवळा, नारिंगी, गुलाबी हे जे भडक चमकणारे रंग असतात ते पारदर्शक असतात. राखाडी शिशावर थेट दिले तर मळकट दिसतात. खाली पांढरा असला की तेच रंग उजळतात. पांढरा पातळ द्या, वाळू द्या, मग वरचा रंग दोन पातळ हातांत. एकच जाड हात दिला तर खाली ओघळ येतो आणि आतून कच्चा राहतो.

कोणता रंग? पावसाळ्यात आणि पावसाळा सरतानाच्या गढूळ खाडीत पोपटी-पिवळा, पांढरा आणि नारिंगी मागितला जातो, कारण तो गढूळ पाण्यात उठून दिसतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की चंदेरी, निळसर, हिरवट, म्हणजे खऱ्या माशाच्या अंगाजवळचे रंग चालतात. दोन्ही प्रकारचा माल तयार ठेवा, पण हंगाम बघून.

रंग देण्याच्या तीन रीती आहेत. पहिली ब्रशची. छोट्या डब्यातला इनॅमल रंग किंवा अगदी नेलपॉलिशसुद्धा. नेलपॉलिश लवकर वाळतं, ब्रश झाकणातच असतो, चमक असलेले रंग मिळतात. सुरुवात करायला सोपं. पण त्याचे दोन दोष. एक तर ते खडकावर आपटून लवकर टवके उडतात. दुसरं, रबरी मासा मऊ राहावा म्हणून त्यात जे तेलासारखं द्रव्य असतं, ते काही रंगांना विरघळवतं. पाकिटात जिग आणि रबरी मासा एकत्र ठेवले की काही दिवसांत रंग चिकट होतो. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुन्हा येत नाही. म्हणून एक परीक्षा सांगते. रंगवलेली एक जिग आणि एक रबरी मासा प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून आठ दिवस कपाटावर ठेवा. उघडून बोट लावून बघा. चिकटलं तर तो रंग या कामाचा नाही, किंवा त्यावर वेगळं संरक्षण हवं.

ते संरक्षण म्हणजे दुसरी रीत, रंगावर इपॉक्सीचा पारदर्शक हात. इपॉक्सी दोन बाटल्यांत येतं. डब्यावर लिहिलंय त्याच मापाने दोन्ही घ्यायचं, अंदाजाने नाही. माप चुकलं तर ते कधीच घट्ट होत नाही, चिकटच राहतं. लावल्यावर जिग टांगून ठेवली तर थेंब खाली जमतो, म्हणून घट्ट होऊ लागेपर्यंत ती मधून मधून फिरवत राहा. इपॉक्सीने काहींच्या कातडीला खाज येते, पुरळ उठतं, म्हणून हातमोजे हवेतच.

तिसरी रीत पावडरची. ही सगळ्यांत टिकाऊ. रंग बारीक पुडीच्या रूपात येतो. जिग पकडीत गळाच्या वाकाजवळ धरायची, शिशाचा भाग गरम हवेच्या गनने किंवा स्पिरिटच्या दिव्यावर काही सेकंद तापवायचा, आणि पुडीत एक-दोन सेकंद फिरवून बाहेर काढायचा. पूड वितळून चकचकीत दिसली तर उष्णता बरोबर. खडबडीत, पिठासारखी राहिली तर कमी तापली. गठ्ठे धरले, ओघळ आला, तर जास्त तापली. पुडीचा डबा वापरण्याआधी हलवून पूड मोकळी, भुसभुशीत करा, नाहीतर रंग सारखा बसत नाही. मग सगळ्या जिग तारेवर टांगून छोट्या ओव्हनमध्ये साधारण १७५ अंश सेल्सिअसला वीस मिनिटं भाजायच्या. तुमच्या पुडीच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ओव्हनमध्ये ते जागचं हलत नाही. पण दिव्याच्या ज्योतीवर जास्त वेळ धरलं तर नक्की वितळेल. ज्योत गळाच्या टोकाला लागू देऊ नका, पोलादाचं पाणी उतरतं आणि मोठा मासा लागला की गळ सरळ होतो. पुडीचा डबा ज्योतीपासून दूर ठेवा, कारण हवेत उडालेली बारीक पूड पेट घेऊ शकते. तोंडाला मास्क लावा.

आणि तो ओव्हन फक्त याच कामाचा. त्यात पुन्हा कधी नानकटाई भाजायची नाही, पाव गरम करायचा नाही. रविवारी घासून घेऊ आणि वापरू, असं अजिबात नाही.

कुठलीही रीत घ्या, रंग ओला किंवा गरम असतानाच गळाचं नेढं टाचणीने मोकळं करा. नेढ्यात रंग बसला तर गिऱ्हाइकाला किनाऱ्यावर दोरा ओवता येत नाही, आणि मग ते रंग फोडत बसतं. मग डोळे. मोठ्या खिळ्याचं डोकं पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगात बुडवून एक टिपका, तो वाळला की टाचणीच्या डोक्याने त्यात काळा टिपका. मासा डोळ्याकडे बघून झडप घालतो असं गरवणारी माणसं मानतात. दोन्ही बाजूंचे डोळे सारख्या जागी आले की जिग एकदम जिवंत दिसते, आणि विकलीही जाते.

हवेचं भान ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की नेलपॉलिश किंवा लॅकर वाळताना त्यावर पांढुरकी धूसर साय धरते. मुसळधार पावसाच्या दिवशी रंगकाम काढू नका. त्या दिवसांत कड काढा, वजनाप्रमाणे निवड करा, पाकिटं तयार करा.

इतकं झालं कामाचं. आता मघाशी म्हटलेली दुसरी गोष्ट.

शिशाचा किती अंश अंगात गेला तर चालतो? जागतिक आरोग्य संघटना सांगते की धोका नाही असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. आणि लहान मुलांच्या पोटात शिसं गेलं तर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट ते अंगात शोषलं जातं. मुलांमध्ये ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, पोट दुखतं, रक्त कमी होतं. यातलं एकही लक्षण शिशाचं म्हणून ओळखू येत नाही. आपण म्हणतो जंत झाले असतील, मूल हट्टी आहे. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी मिळून अहवाल काढला. त्यांच्या अंदाजाने जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे.

बायकांसाठी आणखी एक. शिसं अंगात गेलं की ते कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं राहतं. दिवस गेले की आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळाला जातं, त्याच्याबरोबर हे शिसंही रक्तात येतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. म्हणजे लग्नाआधी केलेल्या कामाचं शिसं पुढच्या पिढीत जाऊ शकतं. म्हणून गरोदर बाईने, बाळाला पाजणाऱ्या बाईने शिसं ओतायच्या आणि कड काढायच्या कामात अजिबात असू नये. सासूबाईंनी, जाऊबाईंनी तेवढे महिने ते आपल्याकडे घ्यावं. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून दूध, नाचणी, पालेभाजी, मासे यांत कसर करू नका. पण नाचणी खाल्ली म्हणून हात धुवायचे नाहीत असं नाही.

काही जणी म्हणतील, एकदा रंग दिला की शिसं आत बंद झालं, मग भीती कशाची? हाच गैरसमज मला आज काढायचा आहे. रंगाने जिग देखणी होते, हाताला शिसं कमी लागतं, हे खरं. पण खडकावर दोनदा आपटली की टवका उडतो. शिवाय सगळ्यांत धोक्याची वेळ रंगाच्या आधीची असते, वितळवताना आणि कड काढताना. ती वेळ आपल्या घरातच येते, गिऱ्हाइकाच्या घरात नाही.

परदेशातही हा धडा मिळालाय. ब्रिटनमध्ये हंस पक्षी तळातले खडे समजून शिशाची वजनं गिळत आणि मरत, म्हणून तिथे १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. अमेरिकेच्या मेन राज्यात लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी आधी उघड्या शिशाच्या जिगवर बंदी आली, रंगवलेल्या जिगना सूट होती. पुढे कायदा बदलून रंगवलेल्या जिगही बंदीत घेतल्या. रंगाच्या पातळ थरावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. आपणही ठेवू नये.

मग हे काम सोडायचं का? घरात येणारा पैसा मला कळतो मैत्रिणींनो. म्हणून मी सोडा म्हणत नाही, शिस्त लावा म्हणते.

ओतायचं काम उघड्या जागी, वारा पाठीवर घेऊन. स्वयंपाकघरात नाही, चुलीवर नाही, बंद पडवीत नाही. साचा किंवा शिसं ओलं असेल तर पाण्याची एकदम वाफ होऊन तापलेलं शिसं उसळतं, म्हणून पावसात ते कामच नको. त्या वेळी मुलं अंगणात नकोत. रंगाच्या कामाला एक ठरलेलं टेबल हवं. जमिनीवर बसून करू नका, कारण रांगणारं बाळ त्याच जमिनीवरून हात फिरवून तोंडात घालतं. काम झालं की झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं वेगळंच ठेवा. कामाचा एक जुना गाऊन किंवा एप्रन ठेवा, तो वेगळा धुवा. पदराला हात पुसायची आपली सवय इथे महागात पडते, कारण त्याच पदराने आपण लेकराचं तोंड पुसतो. खाण्याआधी, मूल उचलण्याआधी हात साबणाने, नखांच्या आतून धुवा. कामाच्या टेबलावर चहाचा कप नको. आणि जाळ्याला किंवा दोऱ्याला शिशाची गोळी बसवताना ती दाताने दाबायची सवय कुणाला असेल, तर ती आजपासून बंद. पकड वापरा.

रंग घेतानाही बघा. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कारखान्यांसाठीच्या रंगांना तो नियम लागू नाही. म्हणून सुट्टा, बिनानावाचा रंग घेऊ नका. डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते दुकानदाराकडून वाचून घ्या.

आणि एक वाट आहे, थोडी महागाची. कथलाची जिग. कथील आपल्याला नवं नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावतात ते कथीलच. ते २३२ अंशांना वितळतं, शिशासारखं अंगात भिनत नाही. त्याच साच्यात ओतता येतं, पण हलकं असल्याने जी जिग शिशाची दहा ग्रॅमची होते ती कथलाची साधारण साडेसहा ग्रॅमची होते. ती सावकाश बुडते, उथळ खाडीत हे उलट बरंच. कथील शिशापेक्षा बरंच महाग आहे, म्हणून सगळा माल त्याचा होणार नाही. पण थोड्या जिग करून बघा, पाकिटावर ‘शिसं नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि दर वेगळा लावा. मुलांना घेऊन गरवायला येणारी माणसं ती मुद्दाम मागतील. घेताना कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारूनच घ्या. आणि शिशाच्या पाकिटावर ‘शिसं आहे, मुलांच्या हाती देऊ नये, हाताळल्यावर हात धुवावेत’ असं लिहा. यात लाज नाही. खरं लिहिणाऱ्या विक्रेतीवर लोकांचा विश्वास बसतो.

ज्यांच्या घरी हे काम बरीच वर्षं चालू आहे आणि लहान मुलं आहेत, त्यांनी एकदा डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आमच्या घरात शिशाचं काम होतं, आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा. आपण सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या मनात ते येईलच असं नाही.

दर ठरवताना फक्त शिशाचा, गळाचा आणि रंगाचा खर्च धरू नका. हातमोजे, मास्क, वेगळा ओव्हन, आणि तुमचे तास, हे सगळं हिशोबात घ्या. सांभाळून काम करायला वेळ जास्त लागतो, तो वेळ किमतीत यायलाच हवा. स्वस्त विकायचं म्हणून काळजी कमी करायची, असा सौदा कुणी करू नका.

ज्या मैत्रिणी हे काम करतात त्यांनी आपापल्या गटात आज ऐकलेलं एकमेकींना सांगा. घरातल्या ओतणाऱ्या माणसालाही सांगा, नुसतं आपण पाळून भागत नाही. रंग छान द्या, डोळे नेटके काढा, आणि काम संपलं की आधी हात धुवा, मग लेकराला जवळ घ्या.